रिटर्नच्या टेबलावरची रंगूबाई

रंगूबाईला वाचता येत नाही, पण तिला कुणी शेंडी लावून दाखवावी. पैज लावते मी! भिवंडीजवळ दापोड्याच्या आमच्या गोडाऊनमध्ये तीन वर्षं मी तिच्या शेजारी उभी आहे. तिच्या हाताखालून खोटं पार्सल पुढे गेलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

आमचं काम रिटर्नचं. लोक मोबाईलवर वस्तू मागवतात, नको झाली की परत पाठवतात, ती आमच्या टेबलावर येते. आम्ही पाकीट फोडायचं, वस्तू बघायची, स्कॅन करायची. चांगली असेल तर परत विकायच्या पिंजऱ्यात, नसेल तर बादच्या पिंजऱ्यात. ऐकायला सोपं आहे. पण लोक काय काय परत पाठवतात, विचारू नका! लग्नात नेसून झालेली साडी 'रंग आवडला नाही' म्हणून येते. नव्या बुटांच्या खोक्यात घरचे जुने बूट येतात. मेल्यांनो, निदान चिखल तरी पुसा.

रंगूबाई आधी इथे झाडू मारायची. एकदा झाडता झाडता तिने टेबलावरून खाली पडलेलं मोबाईलचं खोकं उचललं, जरा हलवलं आणि म्हणाली, "ह्याच्यात फोन न्हाय." सील तसंच होतं, काट्यावर वजनही बरोबर होतं. कुणाल, आमचा सुपरवायझर, हसला. त्याने चिडवायला म्हणून खोकं फोडलं, तर आत कपडे धुवायच्या साबणाची वडी! त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. तुला कसं कळलं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "फोनच्या खोक्यात तीन वस्तू हलतात. ह्याच्यात एकच हलली." दुसऱ्या दिवसापासून तिला टेबलावर घेतलं. कपडे ती नाकाला लावून सांगते, नेसलेला की कोरा. चुकत नाही.

दिसायला काडीसारखी. वय पन्नासच्या आसपास, तिलाही नक्की ठाऊक नाही. पडघ्याच्या वरच्या पाड्यावर जन्म, लहानपणी वीटभट्टी, मग लोकांच्या शेतात लावणी. नवरा गेला तेव्हा मुलाला घेऊन वळ गावाला आली, कारण तिकडे गोडाऊनं उभी राहत होती आणि पोटाला काम मिळत होतं. मुलगा दर्शन आता टेम्पो चालवतो. वळला त्यांची एक खोली आहे, पत्र्याची, पण चकचकीत. बोलते कमी. माझ्यासारख्या तोंडाळ बाईशेजारी तिला बोलायला वाव तरी कुठे मिळणार म्हणा!

तिचा बाप भगत होता. धाकल्या भगत. पाड्यावरच्या लोकांचं कुणाचं काय दुखलंखुपलं, गाय हरवली, मूल रडायचं थांबेना, की लोक त्याच्याकडे जायचे. तो सुपात तांदूळ घेऊन दाणे बघायचा. हे तिने सांगितलं तेव्हा मी लगेच टोचलं. आम्ही बौद्ध, आमच्या घरात असलं काही चालत नाही. मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या बापानेही लोकांना टोप्या घातल्याच की गं!"

ती रागावली नाही. डब्यातली भाकरी मोडत म्हणाली, "माझा बापूस आधी काय घेत नव्हता. माणूस बरा झाला, की ज्याचा त्यानं यायचं. एक मूठ तांदूळ आणायचं. एकच. बापूस इचारायचा, बरा झाला का? तो बोलायचा, बरा झाला. मगच तांदूळ घ्यायचं."

"आणि बरा नाही झाला तर?"

"तर कशाचं तांदूळ?"

"आणि बरा होऊनही कुणी आलाच नाही तर?"

"न्हाय आला तर न्हाय आला. मागायला जायचं न्हाय. आणि कोण आलता, कोण न्हाय, ते कुणाला सांगायचं न्हाय. आम्ही पोरं सगळं बघायचो, पण तोंड उघडलं तर बापूस कानफटात द्यायचा."

मी आपलं हूं केलं आणि सोडून दिलं.

आता वनिताचं सांगते. टेबलावरची तिसरी ती. चौतीस वर्षांची, अंजूरची सून, आमच्याच समाजातली. नवरा मिलिंद कंटेनर चालवतो. दहा महिन्यांपूर्वी गुजरातच्या फेरीवर गेला तो आलाच नाही. तिकडे कुणी बाई आहे म्हणतात. घरात आता वनिता, तिची दहा वर्षांची क्षितिजा आणि सासरा. सासू कधीच वारली. वनिताला माहेर नाही, आईवडील दोघंही नाहीत. म्हणजे सासऱ्याचं घर तेच तिचं सगळं.

आणि सासरा कोण, तर यादव आप्पा. पाणीखात्यात वॉल्वमन होते, आता रिटायर. विहारात पौर्णिमेला वंदना तेच घेतात, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. माणूस सरळ, पण कडक. आमच्या समाजातल्या रामनाथने टेम्पोला लिंबू-मिरची बांधली होती, तर आप्पांनी त्याला भर सभेत उभं केलं, लिंबू-मिरची स्वतःच्या हाताने सोडायला लावली आणि सगळ्या प्रतिज्ञा पुन्हा म्हणायला लावल्या. रामनाथ वर्षभर विहारात फिरकला नाही. मीच तेव्हा जोरजोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी सातच्या शिफ्टला वनिता आली. मी काहीच पाहिलं नाही. रंगूबाईने पाहिलं. पार्सल फोडता फोडता म्हणाली, "वनिता, कान मोकळं का?"

खरंच, कानातली कुडकं नव्हती. चिमूटभर सोनं, पण वनिता ती झोपतानाही काढत नसे, आईची होती. वनिता म्हणाली, "कान चिघळलाय." रंगूबाईने तिच्या कानाकडे पाहिलं, कपड्याकडे बघते तसंच, आणि पुढचं पाकीट ओढलं.

आमचे फोन गेटवर जमा असतात, जेवणाच्या सुट्टीत मिळतात. सुट्टी झाली, वनिताने फोन घेतला आणि न जेवता कंटेनरच्या मागे गेली. रंगूबाई उठली, तिच्या मागे. मग मी कशाला बसते? बघते तर वनिता फोनवर हिंदीत रडत होती. "गुरुजी, आज शाम को बेचके भेजती हूँ. विधि मत रोकना."

मी तिच्या हातातून फोन घेऊन बंद केला. "कोण गुरुजी? काय विकतेस?"

मग सगळं बाहेर आलं. महिनाभरापूर्वी क्षितिजाला झोपवून मोबाईल बघत बसली होती. मधेच जाहिरात आली. रुठा हुआ पती वापस, घर बैठे, चोवीस तासांत, सौ टक्का गुप्त. त्रिलोकी गुरुजी. फक्त पाचशे एक रुपये, तेही सामानाचे, विधीचे नाहीत. दिले. मग म्हणाला, बाधा मोठी आहे, एकवीसशे. मग काळी कोंबडी, मग स्मशानातली पूजा. मध्येच थांबवलं तर उलटेल, मुलीवर येईल, असंही सांगितलं. मुलीचं नाव निघालं की कुठल्या आईचे हातपाय गळणार नाहीत, सांगा. साडेअठरा हजार गेले होते. आता शेवटचा विधी म्हणून एकवीस हजार मागत होता, आणि कुडकं तिच्या रुमालाच्या गाठीत होती, संध्याकाळी भिवंडीच्या सराफाकडे जायला निघालेली.

माझं डोकंच फिरलं. "अगं, अक्कल गहाण टाकलीस का? एवढंच होतं तर कुठल्या भगताकडे गेली असतीस, निदान समोर तरी बसला असता!"

"भगताकडे?" वनिता एकदम उसळली. "अंजूरमधून कुणीतरी बघितलं असतं. आप्पांना कळलं असतं. इथे कुणाला कळणार नव्हतं, ताई. म्हणून तर फोनवर केलं."

बोलली ती ते खरंच होतं. दुसऱ्या कुठल्या समाजातली बाई चार बायकांना विचारून, घासाघीस करून भगताकडे गेली असती. आम्हाला कुणालाच विचारता येत नाही. आणि तो मेला नेमकं तेच विकत होता, कुणाला कळणार नाही म्हणून.

रंगूबाईने एवढंच विचारलं, "मिलिंदला फोन केलास?"

वनिता रुमालाची गाठ चाचपत राहिली.

"गुरुजीला रोज करतंस. मिलिंदला कधी केलास?"

"दिवाळीत," वनिता म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "त्याने नाही म्हटलं तर?"

मला भडभडून आलं हो. एवढ्या महिन्यांत तिला एवढीच भीती होती, आणि आम्ही टेबलावर तिच्या शेजारी उभं राहून साड्यांच्या घड्या बघत होतो.

रंगूबाई मात्र कामाला लागली होती. आम्ही जेवायला भंगाराच्या पुठ्ठ्यांवर बसतो. तिथे शर्टाचं एक चेपलेलं खोकं पडलं होतं, त्यावर शर्ट घातलेला एक गोरागोमटा माणूस दात काढून हसत होता. ती ते खोकं घेऊन आली. "ह्याचा फोटो काढ. गुरुजीला पाठव. बोल, नवऱ्याचा नवीन फोटो."

"त्याच्याकडे मिलिंदचा फोटो आहे," वनिता म्हणाली. "रोज त्याच्यासमोर दिवा लावून बसतात ते."

"मग वळखंल की."

वनिताने फोटो पाठवला. काही पाप करतोय असं वाटत होतं तिला. दोन मिनिटांत गुरुजीने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मी मोठ्याने लावला. "बेटी, देखा! तेरे पति का चेहरा कितना उतर गया है. उस औरत ने खाने में मिलाया है. तीन महीने से यह आदमी सोया नहीं है."

मी खोक्याकडे पाहिलं. तो माणूस बत्तीस दात दाखवत होता आणि खाली लिहिलं होतं, धुतल्यावर आकसत नाही. अगं आई गं! मी पोट धरून हसले, पुठ्ठ्यावर बसले ती उठताच येईना. वनिता आधी बघतच राहिली. मग तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसताच ती ढसाढसा रडायला लागली. रंगूबाईने तिच्या रुमालाची गाठ सोडली आणि कुडकं तिच्या कानात घातली. म्हणाली, "रिकामं खोकं हाय ते. बाद कर."

इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण माझी जीभ! मी फोन उचलला, गुरुजीला लावला आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शर्टाच्या खोक्याचंही सांगितलं. पोलिसांचं नाव घेतलं. मला वाटलं, मी मोठा पराक्रम केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग वनिताला मेसेज आला. मी वाचला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाँच बजे तक इक्कीस हज़ार, नहीं तो तेरी सारी आवाज़ तेरे ससुर के नंबर पर.

"आप्पांचा नंबर त्याच्याकडे कुठून आला?"

"मीच दिला," वनिता म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "घरच्या थोरल्या माणसाचा नंबर मागितला त्यांनी. आकड्यांवरून घराची दशा काढतो म्हणाले."

त्याला रेकॉर्ड करून पाठवलेल्या आवाजांत काय काय बोलली होती ती! नवऱ्याला वश करा. त्या बाईचं वाटोळं करा. सासऱ्याला यातलं काही कळू देऊ नका. महिनाभर रोज. आणि हे सगळं ऐकणार कोण, तर यादव आप्पा. वनिता खाली बसली. "मला काढतील, ताई. रामनाथ परका होता, मी तर त्यांच्याच घरात राहून त्यांच्याच मुलावर करणी करत होते. क्षितिजाला घेऊन कुठे जाऊ मी?"

मी म्हटलं, "पैसे जमवू. माझ्याकडे चार हजार आहेत." लाज वाटते सांगताना, पण मी म्हटलं. मघाशी पोलिसांचं नाव घेणारी मीच.

"दिलं की थांबल का तो?" रंगूबाई म्हणाली. "ज्याला काय भेटतंय तो थांबत न्हाय. वनिता, शिफ्ट सुटली की घरी जा. पाचच्या आधी. तूच सांग सासऱ्याला."

मी तिच्यावर भडकले. "तुझं काय जातंय सांगायला? तू ओळखतेस का यादव आप्पांना? तो माणूस लिंबू-मिरचीवरून माणसाला सभेत उभा करतो!"

रंगूबाईने माझ्याकडे पाहिलं. हाताला चिकटलेली टेप नखाने काढत राहिली. मग म्हणाली, "मी येतंय तिच्यासंगं."

साडेतीनला शिफ्ट सुटली. अंजूरच्या रिक्षात आम्ही तिघी मागे दाटीवाटीने बसलो. गुन्हा माझाही होता, मी कशी मागे राहणार? वनिताने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी वळ होता. वाटेत रिक्षावाल्याने गाणं लावलं तर त्याच्यावर मी खेकसले.

यादव आप्पा अंगणात बसून शेजाऱ्यांचा गळका नळ दुरुस्त करत होते. रिटायर झाले तरी अख्खी आळी त्यांच्याकडे नळ घेऊन येते. शेजारी खुर्चीवर त्यांचा मोबाईल होता. क्षितिजा ओट्यावर अभ्यास करत होती, तिला मी दुकानात पिटाळलं.

"आप्पा," वनिता म्हणाली आणि उभ्या उभ्याच सगळं बोलली. काही लपवलं नाही. पाचशे एक रुपयांपासून कुडकांपर्यंत. वश करा म्हटलं, वाटोळं करा म्हटलं, तेही सांगितलं. मी मान खाली घालून उभी होते. आप्पांचा पाना नळावर होता, तो तिथेच थांबला.

"माझ्या घरात?" ते म्हणाले. एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाले, तो मी विहारात ऐकलेला होता.

तेवढ्यात खुर्चीवरचा मोबाईल वाजला. एकदा. मग पुन्हा. मग वाजतच राहिला. पाच वाजायला अजून वेळ होता, त्या हरामखोराने तेवढाही धीर धरला नाही. आप्पांनी फोन उचलून पाहिला. अनोळखी नंबरवरून सहा-सात आवाज येऊन पडले होते. वनिताने भिंतीला हात टेकला. आप्पांचा अंगठा फोनवर होता. मी मनात म्हटलं, झालं, संपलं सगळं.

आप्पांनी मान वर केली आणि त्यांची नजर रंगूबाईवर गेली. कुठेतरी पाहिल्यासारखं ते तिला निरखायला लागले.

"तुम्ही कुठल्या?"

"आता वळला असतंय. पडघ्याच्या वरच्या पाड्यावरची."

"तिकडे एक धाकल्या भगत होते."

"माझा बापूस," रंगूबाई म्हणाली.

आप्पांनी फोन खुर्चीवर पालथा ठेवला. मग जे बोलले ते वनिताला नाही, मला नाही, हातातल्या नळाकडे बघून बोलले.

"मिलिंद अडीच वर्षांचा होता. ताप डोक्यात गेला, झटके यायला लागले. गावातल्या डॉक्टरचं औषध चालेना. मिलिंदची आई ऐकेना, भगताकडे न्या म्हणून रडायला लागली. मी घेऊन गेलो. एस्टीने पडघ्यापर्यंत आणि पुढे चालत, पोराला चादरीत गुंडाळून. मी, यादव! भगताने सूप घेतलं, दाणे पाहिले आणि म्हणाला, ह्याला कुणी काही केलेलं नाही, ह्याला मोठ्या दवाखान्यात ने. मग तो स्वतः उठला आणि माझ्याबरोबर भिवंडीच्या सरकारी दवाखान्यापर्यंत आला. वाटेत पोराला एका मुलीने घेतलं होतं, चौदा-पंधरा वर्षांची असेल. परकर खोचून माझ्यापुढे चालत होती."

मी गर्रकन वळून रंगूबाईकडे पाहिलं. तिला माहीत होतं! मिलिंद, अंजूर, पाणीखातं, यादव आप्पा, सगळं आमच्या टेबलावर वनिताच्या तोंडून ती दोन वर्षं ऐकत होती आणि तिने एक शब्द काढला नव्हता. दुपारी मी तिला म्हटलं होतं, तू ओळखतेस का त्या माणसाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मिलिंद बरा झाला," आप्पा म्हणाले. "भगताने एकच सांगितलं होतं, बरा झाला की एक मूठ तांदूळ घेऊन ये. मी गेलो नाही. कुणी पाहील म्हणून गेलो नाही. पस्तीस वर्षं मी विहारात भगतांच्या विरुद्ध बोललो. जे बोललो ते पटतंच मला, आजही पटतं. पण दर वेळी बोलताना वाटायचं, आज कुणीतरी उठेल आणि म्हणेल, यादवराव, तुम्ही गेला होतात. कुणी उठलं नाही. तो माणूस वारला तेही मला कळलं होतं. तेव्हाही गेलो नाही. आणि रामनाथला मात्र उभं केलं मी."

वनिता रडत होती, पण आता वेगळं.

मिलिंदचं आणि त्या गुरुजीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्याचीच वाट बघत बसाल. आप्पांनी ते आवाज ऐकले नाहीत. पुसलेही नाहीत, कारण पोलिसांना दाखवायचे होते. त्यांनी तिथल्या तिथे १९३० ह्या ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी नंबरला फोन लावून तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सुनेबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसले. पैसे अजून मिळालेले नाहीत, मिळतील असं मला वाटत नाही. मिलिंदलाही त्यांनीच फोन केला. तो परत येणार नाही म्हणाला. वनिता तीन दिवस कामावर आली नाही, चौथ्या दिवशी आली आणि मुकाट्याने पाकिटं फोडायला लागली. घरावर आप्पांनी तिचं नाव लावलंय. आणि पुढच्या पौर्णिमेला विहारात ते रामनाथच्या शेजारी खाली बसले होते, वंदना दुसऱ्याने घेतली.

पण त्या दिवशी अंगणात आप्पा उठले आणि घरात गेले. आम्हाला वाटलं, पाणी प्यायला गेले. आत डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा दोन्ही हातांत कांशाचा वाडगा होता, तांदळाने शिगोशीग भरलेला. चालताना दाणे सांडत होते. रंगूबाईच्या समोर येऊन त्यांनी वाडगा पुढे केला. विहारात सगळ्यांना खडे बोल सुनावणारा माणूस, त्याला तिच्याकडे वर बघवत नव्हतं.

रंगूबाईने पदर कमरेचा सोडून पुढे पसरला. वाडग्यात हात घातला, एक मूठ घेतली आणि वाडगा हळूच मागे सारला. "एकच, आप्पा. बापूस एकच घ्यायचा."

मूठ तिने पदरावर धरली, पण उघडली नाही. आप्पांकडे बघत राहिली. मला आधी कळेना कशाला थांबलीय. मग आठवलं, भाकरी मोडता मोडता सांगितलं होतं तिने. इचारल्याशिवाय घ्यायचं न्हाय.

"पोर बरा झाला का?" तिने विचारलं.

दहा महिने घरी न आलेला तो पोर. वनिता पुढे झाली आणि तिने सासऱ्याचा हात धरला.

"ताप उतरला, बाय," आप्पा म्हणाले. "ताप तेव्हाच उतरला होता." आणि हमसून हमसून रडले.

रंगूबाईने मूठ पदरात सोडली आणि पदराला गाठ मारली.